ऐकलेलं धरायचं नाही

सातवीण फुलली की माझं डोकं दुखतं, आणि डोकं दुखू लागलं की मी माणसांकडे जरा जास्तच निरखून बघायला लागते. आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ही झाडं आहेत. कुणी लावली देव जाणे. बहुतेक सर्दी झालेल्या माणसानं लावली असावीत. वर्षभर ती गप्प असतात. मग ऑक्टोबर तापतो, अंगाची काहिली होते, खाडीकडचा वारा सुकत्या चिखलाचा वास घेऊन येतो, आणि एके संध्याकाळी बसमधून उतरावं तर हा गोड, जड वास स्टॉपवर आपली वाट बघत उभा असतो. लोक नाकाला रुमाल लावतात. मी तशीच थांबते. त्या वासात मला दरवर्षी एक गोणपाट दिसतं, आणि ते खांद्यावर टाकून भिंतीच्या खिंडारातून बाहेर येणारा एक माणूस.

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे आधीच सांगून टाकते. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षं काचपट्ट्या बघतेय. समोरचा नमुना ठीकच असणार असं मानून बसायचं नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. ती सवय घरीही येते. शेजारच्या बाई विनाकारण गोड बोलल्या तर त्यांचं काय काम असेल याचा अंदाज मी जिना उतरेपर्यंत बांधलेला असतो. नवरा म्हणतो, "नंदा, तू देवळात प्रसादाचासुद्धा आधी वास घेशील." घेते. खोबरं खवट असतं कधीकधी.

यंदा तर संशयाला कारणही मिळालं. आमच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मंडळ म्हटलं की लोक विचारतात, गणपतीचं का? नाही, पक्ष्यांचं. निसर्ग अभ्यास मंडळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या तावडेनं ग्रुपवर एका पिंगळ्याचा फोटो टाकला. छोटंसं घुबड, ढोलीतून डोकं बाहेर काढून बघणारं, रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखं वैतागलेलं. दहा मिनिटांत त्याच्याखाली एका नव्या सभासदाचा प्रश्न आला, "मस्त! लोकेशन प्लीज?" त्या सभासदाच्या नावाजवळ चेहरा नव्हता, गुलाबाचं फूल होतं.

दिवाळीच्या तोंडावर घुबडाचा पत्ता कुणाकुणाला हवा असतो, हे मला ठाऊक आहे. लक्ष्मीचं वाहन पकडून नाही नाही ते विधी करणारे लोक या शहरात आहेत, आणि त्यांना ते पकडून आणून देणारेही आहेत. मी लगेच तावडेला फोन लावला.

"अरे, पत्ता लिहू नकोस."

"काय गो नंदा, नवो मेंबर आसा, हौस आसा तेका," तावडे म्हणाला. तो वेंगुर्ल्याचा. चाळीस वर्षं विक्रोळीत राहूनही त्याच्या तोंडातून मालवणी गेलेली नाही.

"हौशीच असतात सगळे."

"सोळा वर्सां झाली. तुझ्या डोक्यातली ती घुबडां अजून उडूक नाय?"

नाही उडाली. आणि उडू नयेत अशीच यंदा व्यवस्था झालीय, कारण मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मंडळ सुरू करणारे पेडणेकर सर आषाढात गेले. त्यांच्या मुलीनं नोंदवह्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून दिली, आणि स्मरणिकेसाठी "तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे" असं सगळ्यांनी ठरवलं. हल्ली सगळं टाइप होतं, पण आमच्याकडे अजून अक्षर बघून माणूस निवडतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्या पेटीशी बसते. खिडकीतून सातविणीचा वास येतो, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी चकलीची भाजणी भाजली जाते, आणि मी सरांचं तांबड्या शाईतलं किरटं अक्षर वाचत राहते.

सर महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सडपातळ, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्यामागून तिवरांच्या कडेनं चालायचो. पाय चिखलात, डोळे वर. माझं लग्न नुकतं झालेलं. रविवारी सकाळी घरातून बाहेर पडायला मिळतं एवढ्याच कारणानं मी मंडळात आले, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर मात्र लागली गोडी. ऑक्टोबरात गवत पिवळं पडायचं, त्याच्यावर चतुरांचे थवे तरंगायचे, आणि खाडीवरून आलेला पहिला धोबी पक्षी शेपटी हलवत पाण्याच्या टाकीवर उतरला की सर घड्याळ बघायचे. कुणी पाहुणा वेळेवर आला की नाही हे तपासावं, तसं.

सरांचे नियम होते. नोंदवहीत दोन रकाने: पाहिले आणि ऐकले. प्रत्येक नोंदीला दोन सह्या, एक बघणाऱ्याची आणि एक साक्षीदाराची. दुसरी सही नसेल तर नोंद बाद. तिसरा नियम ते फार आवडीनं सांगायचे: "नोंद अशी हवी, की तिसऱ्या माणसानं ती वाचून तिथे जाऊन बघता आलं पाहिजे." म्हणजे जागा, दिशा, उंची, वेळ, सगळं. मला हे लॅबमुळे अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून सरांनी वाचनालयाच्या दारातला फळा माझ्याकडे सोपवला. दर सोमवारी मी त्यावर आठवड्याच्या नोंदी खडूनं लिहायची. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. माझी छाती फुगायची.

आणि चौथा नियम तावडेमुळे आला. तावडेनं एकदा सलग तीन दिवस नोंद केली: इमारत क्रमांक एक्केचाळीस, दुसरा मजला, सकाळी सात, अनोळखी पक्षी, आवाज अतिशय मंजुळ. सर उत्साहानं दुर्बीण घेऊन गेले. सातला दूधवाला आला, त्यानं दारावरची नवी बेल दाबली, आणि तो मंजुळ आवाज झाला. त्या रविवारी सरांनी जाहीर केलं, "ऐकलेलं लिहायचं, पण धरायचं नाही." तेव्हापासून ऐकले हा रकाना वहीत राहिला, पण बेरजेत आला नाही. आम्ही दोन-तीन वर्षं त्या बेलवरून तावडेला छळलं. नियम मात्र कुणीच हसण्यावारी नेला नाही.

मिलिंद जाधव मंडळात आला तो पंखा दुरुस्त करायला. इलेक्ट्रिशियन होता, माझ्याच वयाचा. वाचनालयाचा पंखा लावून शिडीवरून उतरताना भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हणाला, "हा धोबी चुकलाय. थंडीत ह्याच्या छातीवर एवढं काळं नसतं." सरांनी खुर्ची मागे सारली. "तुम्ही पाहिलाय?" "रोज बघतो. आमच्या पत्र्यावर येतो." पुढच्या रविवारपासून तो आमच्यात. त्याला पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती, पण कुठल्या खांबावर कुठला पक्षी किती वाजता बसतो हे त्याला पाठ होतं, कारण तो जन्मभर खांबांकडेच बघत आलेला. मला तो 'लॅबवाली' म्हणायचा. रविवारी थर्मासमधला चहा आम्ही दोघं एकाच झाकणातून प्यायचो, आणि सरांच्या चालण्याच्या ढबीची नक्कल करून तो मला इतकं हसवायचा की समोरचे बगळे उडून जायचे.

घुबडं त्यानंच दाखवली. हायवेच्या अलीकडे एक बंद पडलेला रंगाचा कारखाना होता. मीटरच्या कामासाठी गेला असताना वॉचमननं त्याला सांगितलं, मागच्या शेडमध्ये भूत राहतं. मिलिंदनं भूत बघितलं, आणि पुढच्या रविवारी आम्हाला घेऊन गेला. तुटक्या खिडकीत दोन पांढुरके चेहरे, बदामाच्या आकाराचे, आमच्याकडे अजिबात कौतुकानं न बघणारे. गव्हाणी घुबडांची जोडी. सर घड्याळ बघायलाही विसरले.

मला वेड लागलं ते खाली पडलेल्या गोळ्यांचं. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून ओकून टाकतं. ताजी गोळी काळी, ओली, चकचकीत असते. जुनी झाली की करडी पडते, भुसभुशीत होते. मी त्या डबीत भरून आणायची आणि लॅब रिकामी असताना चिमट्यानं सोडवायची. एवढासा जबडा, एवढीशी बरगडी. एकदा चिचुंद्रीची कवटी अखंड निघाली. मी ती मिलिंदला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "लॅबवाली, तू माणसांच्या रिपोर्टपेक्षा ह्याच्यात जास्त खूश असतेस." खरंच होतं ते. त्या दोन महिन्यांइतकी सुखी मी क्वचितच होते.

मग तो ऑक्टोबर. नवरात्र संपून आठवडा झालेला, सातवीण ऐन बहरात. गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून घरी येताना मी मुद्दाम कारखान्याच्या भिंतीकडून आले, कारण उजेड असेपर्यंत तिथे एक दयाळ गायचा. भिंतीला एक खिंडार होतं. त्यातून मिलिंद बाहेर आला. एकटाच. खांद्यावर गोणपाट, त्यात काहीतरी अवजड, एका कोपऱ्यातून टोचणारं. घामानं निथळत होता. मला बघून दचकला. "काय रे, आज गुरुवारी?" मी विचारलं. "मीटरचं काम होतं," तो म्हणाला, आणि थांबला नाही. चहा नाही, लॅबवाली नाही. मी खिशातली वही काढली आणि सवयीनं नोंद केली.

रविवारी आम्ही गेलो तर खिडकी रिकामी. खाली तीन-चार पिसं. गोळ्या सगळ्या करड्या, कोरड्या. सर वाचनालयात परत आले आणि त्यांनी मोठी नोंदवही उघडली, तर त्यात गुरुवारच्या तारखेला मिलिंदचं अक्षर: "गव्हाणी घुबड, दोन. गेली." पुढे त्याची एकट्याची सही. साक्षीदाराची जागा मोकळी.

आम्हाला कळायच्या तीन दिवस आधी ह्याला कसं कळलं? हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर होता. सरांनी लाल पेन काढून त्या नोंदीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "साक्षीदार नाही. धरू नये." तेव्हा माझ्या मनात गोणपाट उभं राहिलं.

एक गोष्ट लिहायला जड जातेय, पण इतिहास लिहायचाय तर तीही आली पाहिजे. आम्ही बाकीचे सगळे एकाच तऱ्हेच्या घरांतले. कोकणातले, बापाच्या गिरणीच्या गोष्टी सांगणारे, एकाच गणपतीच्या मांडवात लहान-मोठे झालेले. मिलिंद तेवढा नाल्यापलीकडच्या चाळीतला, परभणीकडचा. त्याच्या दारावर निळा झेंडा. हे आमच्यात कुणी कधी बोललं नाही. त्या रविवारीही नाही बोललं. बोलायची गरजच पडली नाही, संशय आपोआप वाट काढत त्याच्यापर्यंत जाऊन बसला. शेडची किल्ली तर वॉचमनकडे होती, फळा तर अख्खं नगर वाचत होतं. त्या दिशेनं आम्ही मानही वळवली नाही.

पुढच्या रविवारी बैठक झाली. तावडेच्या बायकोनं पहिल्या घाण्यातल्या चकल्या चाखायला पाठवल्या होत्या, ताट मधोमध. मिलिंद नेहमीसारखा आला, चकली उचलली, अर्धी खाल्ली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच खात नाहीये. सर मला म्हणाले, "वाचा." मी उभी राहून माझ्या वहीतलं वाचलं: "गुरुवार. पाहिले: मि. जाधव, कारखान्याच्या भिंतीतून बाहेर. खांद्यावर गोणपाट, भरलेलं."

मिलिंदनं उरलेली चकली ताटात ठेवली. तो माझ्याकडेच बघत होता. "पुढे काही नाही?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. सरांनी पोलिसांत कळवलं नाही, मंडळाचं नाव खराब होईल म्हणून. त्यामुळे चौकशीच झाली नाही आणि नुसता संशय शिल्लक राहिला. गंमत बघा, दोन सह्यांशिवाय चिमणीही न मोजणाऱ्या आम्हा लोकांनी हे मात्र नगरभर ऐकवलं, आणि नगरानं ते धरलंही. दिवाळी संपेपर्यंत मिलिंदला 'घुबडवाला' हे नाव पडलेलं. बायका म्हणायच्या, त्याला घरात वायरिंगला बोलावू नका, अपशकुन. वर्षभरात तो बिऱ्हाड उचलून चारकोपला गेला.

जाण्याआधी, थंडीत, माझ्या टपालपेटीत एक काडेपेटी सापडली. वर काही लिहिलेलं नाही. आत गव्हाणी घुबडाची गोळी. काळी, ओली, चकचकीत. तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्पष्ट नमुना माझ्यासमोर दुसरा आला नसेल. घुबडं जिवंत आहेत, एवढंच ती गोळी सांगत होती. आणि मी काय वाचलं? की त्यानं ती पिंजऱ्यात ठेवलीत, आणि मला खिजवतोय. मी काडेपेटी कचऱ्यात टाकली आणि हात दोनदा धुतले.

गेल्या आठवड्यात इतिहासासाठी म्हणून मी माझ्या खिशातल्या जुन्या वह्या काढल्या. गुरुवारचं पान सापडलं. डाव्या रकान्यात, पाहिले: गोणपाटाचं ते वाक्य, मला पाठ असलेलं. उजव्या रकान्यात, माझ्याच सुबक अक्षरात, ऐकले: "सायं. ५.४०. कारखान्याच्या आतून पत्रा बडवल्याचा आवाज, दहा मिनिटं, सतत. दयाळ गप्प."

कितीतरी वेळ मी ते पान धरून बसले. भाजणीचा वास येत होता. पत्रा बडवल्याचा आवाज. जो माणूस घुबडं पकडायला जातो तो चोरपावलांनी जाईल, पत्रा कशाला बडवेल? हे कळायला लॅबही लागत नाही. आणि त्यानं विचारलं होतं, पुढे काही नाही? पुढे होतं. उजवा रकाना होता. ऐकलेलं धरायचं नाही, म्हणून मी तो वाचला नाही. निदान तसं मी आठवडाभर स्वतःला सांगत राहिले. पण संशय घ्यायची सवय एकदा लागली की ती घरच्या माणसालाही सोडत नाही, आणि मला माझाच संशय येऊ लागला.

शनिवारी मी मोठी नोंदवही आणि माझी वही कापडी पिशवीत घालून चारकोपला गेले. तावडेकडून सेक्टर कळला होता. दुकान छोटं, वरून पंख्यांची पाती लोंबणारी, आणि मिलिंद एका मिक्सरचं पोट उघडून बसलेला. केस पिकलेले, नाकावर चष्मा. त्यानं मला ओळखलं, हे त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला त्यावरून कळलं. पण दुकानदाराच्या सवयीनं त्यानं आधी तेच विचारलं.

"काय बिघडलंय?"

मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं चष्मा वर केला, खाली केला, पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"पाच चाळीस," तो म्हणाला. "बरोबर आहे. साडेपाचला चालू केलेलं मी. तीन दिवस. मंगळवार, बुधवार, गुरुवार. रॉकेलचा डबा आणि सळई. कान बसले होते माझे."

"का?"

"सोमवारी दोघं जण आले होते वॉचमनकडे. एकाच्या हातात चिठ्ठी. मागची शेड, उत्तरेची बाजू, डावीकडून तिसरी खिडकी, संध्याकाळी सहा दहाला बाहेर पडतात. फळ्यावरून उतरवलेलं, शब्द न् शब्द तुझा. असं कोण लिहितं यार? आम्ही वायरिंगच्या नकाशातसुद्धा एवढं लिहीत नाही."

मी स्टुलावर बसले. आणि तरीही, खरं सांगते, डोक्यातली लॅब चालूच होती. चिठ्ठी कुणी बघितली? वॉचमन कुठाय आता? कारखान्याच्या जागी तर बावीस मजले उभे आहेत. माझ्या तोंडून प्रश्न गेलाच.

"गोणपाटात काय होतं?"

"डबा. मोकळा नेला असता तर रस्ताभर वाजला असता ना." तो हसला नाही. "अंडी नव्हती, ते आधी चढून बघितलं होतं. नसतं केलं मी अंडी असती तर. जिवाच्या आकांतानं उडाली गं बिचारी. पिसं गळली. मला शिव्या देत असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? सरांनी विचारलं असतं, कुठल्या दिशेला गेली, पुढे कुठे बसली, किती वाजता. आणि तू सोमवारी फळ्यावर लिहिलं असतंस. तुमची सवयच ती." त्यानं मिक्सरमधला एक स्क्रू उचलला, निरखला, परत ठेवला. "माझं नाव जाईल असं नव्हतं वाटलं. तू भिंतीशीच होतीस. मला वाटलं, हिनं आवाज ऐकला असणार, ही सांगेल. म्हणून विचारलं तुला, पुढे काही नाही का. तू म्हणालीस, नाही. तेव्हापासून मला वाटतंय की तू मुद्दाम गाळलंस."

म्हणजे सोळा वर्षं आम्ही दोघंही एकमेकांवर संशय घेऊन बसलो होतो, एक विक्रोळीत आणि एक चारकोपला.

"ऐकलं होतं," मी म्हटलं. "लिहिलंही होतं. वाचलं नाही."

"का पण?"

"ऐकलेलं धरायचं नाही म्हणून." ते माझ्याच कानाला खोटं वाटलं. "नाही. ते कारण नाही. तूच असणार असं मी आधीच ठरवलेलं होतं. उजवा रकाना वाचला असता तर ते मोडलं असतं. चुकले मी, मिलिंद. तुझं नाव माझ्यामुळे गेलं."

शेजारच्या दुकानात कुणीतरी कंदील लावून बघत होतं, त्याचा तांबडा उजेड काउंटरवर येत होता, जात होता. तिकडे बघत तो म्हणाला, "माझी आई जाईपर्यंत विचारायची, आपण तिकडून का निघालो. मी सांगायचो, इथे धंदा बरा आहे."

मला रडू आलं. त्यानं बघितलं, पण समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग जरा वेळानं त्यानंच विचारलं, "काडेपेटी मिळाली होती?"

"मिळाली. मला वाटलं तू त्यांना पिंजऱ्यात ठेवलंयस."

तो हसायला लागला. तेच, बगळे उडवणारं हसू. "पिंजऱ्यात! अगं, महिनाभर फिरलो होतो तेव्हा ती शोधायला. तुझी पार वाट लागलीय, लॅबवाली."

"कुठे सापडली होती रे?"

"बघ. विचारलंस."

मी ओशाळले. पिशवीतून मोठी नोंदवही काढली आणि ते पान उघडलं. त्याची ओळ, त्याची सही, आणि त्यावरून गेलेली सरांची लाल रेघ. "साक्षीदार नाही. धरू नये." त्यानं ती रेघ कधी पाहिलीच नव्हती. बोट तिच्यावरून फिरवत तो म्हणाला, "सरांनी मारली?"

"हो."

"नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"नाहीये," मी म्हटलं. "साक्षीदार होता."

काउंटरवर एक निळं पेन दोरीनं बांधलेलं होतं. दोरी आखूड होती, म्हणून वहीच सरकवावी लागली. दुसऱ्या सहीची जागा इतकी वर्षं मोकळीच होती. मी आधी वेळ लिहिली, सायंकाळी पाच चाळीस. मग उजव्या रकान्यात लिहिलं, "ऐकले." आणि खाली सही केली.